ब्रेक एका दिवसात फेल होत नाही : पद्मिनीच्या काळापासून आजपर्यंत

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या दारात दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी उभी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्याकडच्या अपघाताच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं. 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले.' महामार्गावर मनोर असो, चारोटी असो, पालघर-मनोर रस्त्यावरची वाघोबा खिंड असो की जव्हारचा घाट, वाक्य तेच. वाचणाऱ्याला वाटतं की ब्रेकवर आकाशातून वीजच पडली.

माझा धंदा बातमीचा आहे, म्हणून हे वाक्य मला जास्त खुपतं. ब्रेक असा क्षणात मरत नाही. लायनर झिजायला महिने लागतात. रबर फुगायला, पाइप गंजायला वर्षं लागतात. तेवढ्या काळात हे तिघांच्या लक्षात यायला हवं असतं: चालवणारा, दुरुस्त करणारा आणि तपासून सही करणारा. बातमीत या तिघांपैकी फक्त चालक येतो, आणि तोही बहुतेक वेळा जखमी किंवा मृत म्हणून. बाकीच्या दोघांचं काय झालं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

एकच गाडी, पस्तीस वर्षं

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकी गाड्यांची इथे केलेली जुळणी होती. पुढे टॅरिफ कमिशनने १९५३ मध्ये भूमिका घेतली की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी एकतर इथे उत्पादन करावं, नाहीतर गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. हीच गाडी थोड्याफार फरकाने शतक संपेपर्यंत बनत राहिली.

म्हणजे १९६४ सालचा ब्रेक आपण जवळजवळ पस्तीस वर्षं चालवला.

तो ब्रेक होता कसा? चारही चाकांना ड्रम. पायाखाली मास्टर सिलिंडर, त्यातून निघालेल्या लोखंडी नळ्या, चाकाजवळ रबरी होज आणि प्रत्येक ड्रमच्या आत व्हील सिलिंडर. आपण पॅडल दाबलं की तेलाचा दाब चाकापर्यंत जातो, सिलिंडर ब्रेक शू बाहेर ढकलतो, शूवरचा लायनर ड्रमला घासतो आणि गाडी थांबते. व्हॅक्यूमची मदत नाही, सगळा जोर आपल्या पायाचा. त्यातही जुन्या फियाटमध्ये चारही चाकांना मिळून तेलाची वाट एकच. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. उरतो तो फक्त हातातला हँडब्रेक.

जग तेव्हा कुठे होतं? ड्रम ब्रेक फ्रान्सच्या लुई रेनॉने १९०२ मध्ये रुळवला. तेलाच्या दाबावर चालणारा चार चाकांचा ब्रेक अमेरिकेत १९२१ साली ड्यूसेनबर्ग गाडीला आला. १९५३ मध्ये डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि मोठ्या कंपन्या डिस्ककडे वळल्या. साठचं दशक संपेपर्यंत अमेरिकेने तेलाच्या दोन स्वतंत्र वाटा सक्तीच्या केल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी निम्मी गाडी थांबवेल.

आपल्याकडे यातलं काहीही बराच काळ आलं नाही. गाडी हवी तर नंबर लावा आणि वर्षानुवर्षं वाट पाहा, असा तो काळ. जी गाडी न बदलताही विकली जाते तिचा ब्रेक कोण बदलणार? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हळूहळू चित्र पालटलं. पुढच्या चाकांना डिस्क, दोन सर्किट, व्हॅक्यूमचा बूस्टर हे शब्द गावोगावच्या गॅरेजात पोचले. ब्रेकचे भाग बनवणारे कारखाने देशात होतेच. मद्रासला १९६२ पासून ब्रेक्स इंडिया होती, आपल्या जळगावात कल्याणी ब्रेक्स उभी राहिली.

मेस्त्री कसा घडला

पस्तीस वर्षं एकच गाडी रस्त्यावर राहिल्याचा एक फायदा मात्र झाला. मेस्त्री तयार झाला.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, मागोमाग एमआयडीसी वाढली आणि बोईसरला गाड्या आल्या. साहेबांच्या फियाट, अँब्युलन्स, ठेकेदारांच्या मेटाडोर. त्यांच्या मागे गॅरेजं आली. पोरगा चौदाव्या-पंधराव्या वर्षी पाने पुसायला लागायचा. दहा वर्षांत त्याने तोच ड्रम शेकडो वेळा उघडलेला असायचा. स्कॅनर नव्हता, पुस्तक नव्हतं. होतं ते बोटांना आणि कानांना. गाडी आत येतानाच त्याला कळायचं की डावं मागचं चाक धरतंय.

सुटे भाग मिळत नव्हते म्हणून दुरुस्तीचं कसबही वाढलं. व्हील सिलिंडरला आत चरे पडले तर लेथवर स्लीव्ह बसवायची. ड्रम लंबगोल झाला तर टर्निंग मारायचं. शूवर नवा लायनर रिव्हेट करायचा. काहीच जमलं नाही तर लोकल पकडून कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठायचा. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथेच तिचे जुने अवयव मिळायचे.

याची किंमतही होती. लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, आणि ड्रम उघडला की पोरगं तोंडाने फुंकर मारून धूळ उडवायचं. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. आजही जुन्या गाडीचा ड्रम उघडताना हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. एवढं तरी आपल्या मेस्त्रीला सांगा.

केळव्याच्या मामांची पद्मिनी

आता एक ताजं उदाहरण. माझ्या केळव्याच्या मामांकडे १९९४ ची पद्मिनी आहे, एमएच-०४ नंबरची. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, तो झाला २०१४ ला. गाडी खासगी असल्यामुळे १५ वर्षांनी, म्हणजे २००९ ला, आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तिची फेरनोंदणी झाली. २०२४ ला ५,००० रुपये भरून ती पुन्हा केली.

दोन पावसाळ्यांपूर्वी जव्हारहून उतरून घरी येताना पुढच्या डाव्या चाकातून जळका वास आला. गाडी डावीकडे ओढायला लागली. ड्रमवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झालं. बाकीची तीन चाकं हाताला कोमट.

एका गॅरेजने ड्रम उघडला, शू बदलले, व्हील सिलिंडर नवा टाकला, बिल दिलं. पंधरा दिवसांत पुन्हा तोच वास. मग मामांनी बोईसरच्या एका जुन्या मेस्त्रीला गाठलं. साठी ओलांडलेला माणूस, दिवसाला एखादीच गाडी घेतो. मामा सांगायला लागले की शू बदललेत, सिलिंडर बदललाय. तो म्हणाला, "काका, काय बदललं ते राहू द्या. आधी चाक फिरतंय का ते बघू."

त्याने जे केलं ते इथे क्रमाने लिहितो, कारण निदान म्हणजे काय हे त्यात आहे.

जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचलली. मामांना ब्रेक दाबून सोडायला सांगितलं. उजवं चाक हाताने सहज फिरलं, डावं घट्ट. म्हणजे दोष मास्टर सिलिंडरचा असण्याची शक्यता कमी. तिथे तेल परतायचं भोक बुजलं असतं, तर एकाच चाकावर भागलं नसतं. हँडब्रेकचाही संबंध नाही, तो पुढच्या चाकांना नसतो.

मग डाव्या चाकाकडे जाणाऱ्या लोखंडी नळीचा नट, होजला जोडतो तिथे, किंचित सैल केला. थेंबभर तेल आलं, चाक तसंच घट्ट. म्हणजे वरच्या बाजूला दाब अडकलेला नाही.

नट आवळून त्याने ड्रममागचा ब्लीडर निपल उघडला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. शू किंवा स्प्रिंग अडकली असती तर तेल काढूनही चाक घट्टच राहिलं असतं. म्हणजे दाब होज आणि चाक यांच्या मधे कोंडला होता. राहिला एकच आरोपी, होज. बाहेरून काळाभोर, धडधाकट. ब्लेडने उभा चिरला तर आतलं रबर फुगून वाट सुईएवढी उरलेली. पायाचा जोर मोठा असतो, तो तेल आत ढकलतो. परत आणणाऱ्या स्प्रिंगमध्ये तेवढा जोर नसतो, म्हणून तेल तिकडेच अडकतं.

तिन्ही होज बदलले, जुनं तेल काढून नवं भरलं, एअर काढली. पहिल्या बिलाच्या निम्माही खर्च आला नाही. आधीच्या गॅरेजने टाकलेला भाग खराब नव्हता. पण पाना उचलण्याआधी विचारायचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

पाय काय सांगतो

मेस्त्रीकडून आणि वाचून जे कळलं ते चालकाच्या बाजूने मांडतो. जुन्या गाडीचा ब्रेक पायाशी बोलतो, त्याचे अर्थ साधारण असे.

पॅडल स्पंजसारखं लागतं: तेलात हवा आहे. एअर काढावी लागेल. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत मागचं डावं. पण हवा शिरली कुठून हे शोधल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

पॅडल खूप खाली जातं, दोन-तीनदा मारलं की वर येतं: ड्रमवाल्या गाडीत शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. अॅडजस्टमेंट किंवा नवे लायनर.

पाय दाबून धरला की पॅडल हळूहळू बुडत जातं आणि बाहेर कुठे गळती दिसत नाही: मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलं. ही गाडी त्या दिवशी चालवू नये.

पॅडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही: लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले किंवा त्यावर तेल-ग्रीस आलं. बूस्टरवाल्या गाडीत एक सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी बघा.

गाडी एका बाजूला ओढते: आधी टायरची हवा बघा, मग उलट बाजूचं चाक धरत नाही की याच बाजूचं चिकटलंय ते बघा.

लोखंड घासल्याचा आवाज: लायनर संपला. आता ड्रम किंवा डिस्क खाल्ली जातेय.

आपल्या किनाऱ्याचा वेगळा त्रास आहे. सातपाटी, केळवे, नांदगाव, चिंचणी, सगळीकडे खारी हवा. गाडीखालच्या लोखंडी नळ्या आतून नाही, बाहेरून खाल्ल्या जातात, त्यातही क्लिपखाली, जिथे डोळा पोचत नाही. दर पावसाळ्यानंतर गाडी वर घेऊन त्या क्लिप सोडवून पाहिल्या पाहिजेत.

दुसरं, ब्रेक ऑइल. नाव ऑइल असलं तरी ते इंजिन ऑइलसारखं नसतं. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं मात्र १४० अंशांनाच उकळू शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आपल्या दमट हवेत दोन वर्षांत तेल बदललं पाहिजे ते याचसाठी. घाटात ब्रेक तापला, तेल उकळलं, त्याची वाफ झाली, की पॅडल थेट जमिनीला. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. चालक शपथेवर सांगतो की खाली बोईसरला ब्रेक उत्तम होता, आणि तो खरंच सांगत असतो.

आणि टाकी कमी दिसली म्हणून त्यात चुकूनही इंजिन ऑइल किंवा दुसरं काही ओतू नका. सगळी रबरं फुगतात, पूर्ण ब्रेक उतरवावा लागतो.

जुने ड्रायव्हर घाट चढले त्याच गिअरमध्ये उतरायचे. कारण ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो आणि पॅडल खोल जायला लागतं. डिस्कच्या काळात ही सवय गेली. वेगाचं गणितही ध्यानात असू द्या. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने ताशी ४० किलोमीटरवरून थांबायला साधारण १२ मीटर लागले, तर ८० वरून सुमारे ४८ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्यात पाय पॅडलवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर ८० ला आणखी २२ मीटर. ब्रेक निम्माच धरत असेल तर पुढचं गणित तुम्हीच करा.

सही करणारा

आता तिसरा माणूस. आजचा मोटार वाहन कायदा १९८८ चा, लागू १ जुलै १९८९ पासून. व्यापारी वाहनांना फिटनेस सर्टिफिकेट लागतं. नव्या गाडीला दोन वर्षांचं, आणि गाडी आठ वर्षांची झाली की दर वर्षी. खासगी गाडीची नोंदणी एकदम १५ वर्षांची. या १५ वर्षांत सरकारचा एकही माणूस तुमचा ब्रेक बघत नाही. पीयूसीसाठी धूर सहा महिन्यांनी, वर्षांनी तपासला जातो. ब्रेक मात्र पंधरा वर्षांत एकदा.

आणि जिथे तपासायचा तिथे तरी? पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. म्हणणं साधं होतं: आरटीओत वाहनांची नीट तपासणी न होताच फिटनेस दिलं जातं. त्या प्रकरणात न्यायालयाने ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचा ट्रॅक असल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये असं बजावलं. २०१७ च्या अखेरीस राज्यातल्या अनेक आरटीओंत हे काम थांबलं, कारण ट्रॅकच नव्हते. विचार करा. गाडी पळवून ब्रेक दाबून बघायला २५० मीटर सरळ जागा नव्हती, आणि सह्या वर्षानुवर्षं होत होत्या.

त्यानंतर ट्रॅक झाले. २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आणले. तिथे रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो हे यंत्र मोजतं. डावं-उजवं यात फरक असेल तर तो आकड्यात दिसतो. मामांच्या गाडीचा दोष अशा यंत्रावर लपला नसता.

माझा मुद्दा एवढाच. जुन्या काळी ब्रेकची जबाबदारी कायद्याने घेतली नव्हतीच, ती मेस्त्रीच्या बोटांनी आणि ड्रायव्हरच्या पायाने घेतली होती. आता मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पद्मिनी टॅक्सी कायमची रस्त्यावरून गेली. तो मेस्त्रीही चालला. नव्या गॅरेजात भाग बदलणारे हात आहेत, शोधणारे कमी. गाड्या चांगल्या झाल्या, एबीएस आलं. पण झिजलेल्या लायनरला आणि उकळलेल्या तेलाला एबीएस वाचवू शकत नाही. जुनी व्यवस्था गेली आणि नवी अजून पूर्ण उभी नाही, या मधल्या फटीत आपल्या बोईसरच्या कामगारांना नेणाऱ्या व्हॅन, शाळेच्या गाड्या, चिल्हार फाट्याकडे सुटणारे टेम्पो रोज धावतात.

म्हणून तीन मागण्या. एक, फिटनेसच्या कागदावर चारही चाकांच्या ब्रेकचे मोजलेले आकडे छापले जावेत, नुसता 'योग्य' असा शिक्का नको, आणि ते प्रवाशाला दिसतील असे गाडीत लावावेत. दोन, खासगी गाडीचाही ब्रेक आठव्या वर्षानंतर पीयूसीसारखा ठरावीक काळाने तपासला जावा, परवडणाऱ्या फीमध्ये. तीन, अपघाताच्या पंचनाम्यात 'ब्रेक निकामी' लिहिलं की कोणता भाग, कशामुळे आणि शेवटची तपासणी कधी, हे तीन रकाने सक्तीने भरले जावेत. म्हणजे बातमीतही ते येतील.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे? येत्या रविवारी पाच मिनिटं काढा. गाडी सपाट जागेवर उभी करा, पॅडल दाबून एक मिनिट धरून ठेवा, बुडतंय का बघा. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा. तेलाची पातळी आणि रंग बघा, काळं झालं असेल तर बदला. पाच-सहा किलोमीटर चालवून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, एखादंच जास्त तापलंय का बघा. आणि मुलांच्या शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना एकदा विचारा, शेवटचे लायनर कधी बदलले? राग येईल त्यांना कदाचित. येऊ द्या.